सप्टेंबरच्या पटात न बसणारी मुले

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढला, उसाच्या बळावर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील सहकारी साखर कारखाने चालले, आणि या कारखान्यांसाठी ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कोरडवाहू गावांतून टोळ्या येऊ लागल्या. प्रत्येक मुलाला त्याच्या परिस्थितीनुसार लागेल तेवढे साहाय्य देऊन शिकण्याची खरी संधी मिळवून देणे, या अर्थाने शैक्षणिक समतेची कसोटी लागते ती या टोळ्यांबरोबर आलेल्या मुलांच्या बाबतीत.

ही मुले हौसेने शाळा सोडून येत नाहीत. लग्न, आजारपण किंवा कर्जफेड यांसाठी टोळी जमवणाऱ्या मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, फेडण्यासाठी नवरा-बायको दोघांनाही तोडीवर जावे लागते. या जोडीलाच व्यवहारात 'कोयता' म्हणतात. गावी सांभाळणारे आजी-आजोबा नसले की मुले बरोबर येतात. आईवडील पहाटेच्या अंधारातच फडात जातात, आणि शाळेची घंटा होते त्या वेळी आठ-नऊ वर्षांची मुलगी कोपीपाशी, म्हणजे तात्पुरत्या झोपडीपाशी, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन पाणी भरत असते किंवा फडात वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधू लागते. तिची गैरहजेरी हा आईवडिलांचा निष्काळजीपणा मानणे अन्यायाचे आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार दाखला नसल्याच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते, आणि स्थलांतरित मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर आहे. मात्र शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता वर्षानुवर्षे ३० सप्टेंबरच्या पटसंख्येवर झाली आहे, आणि टोळ्या येतात त्यानंतर. दोन शिक्षकांवर चार वर्ग चालवणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नोव्हेंबरात नवी मुले आली, तरी त्यांच्यासाठी शिक्षक वाढत नाही. पाठ्यपुस्तकांचे वाटप जूनमध्येच झालेले असते. आणि मुलाचे नाव मूळ गावच्या पटावर असल्याने येथील हजेरी कोणाच्या खात्यावर धरायची, हा गुंता उरतो. मूळ शाळेने दिलेले शिक्षणहमी कार्ड, ज्यावर मुलाच्या अध्ययनाची पातळी नोंदवलेली असते, हा गुंता काही अंशी सोडवते, परंतु तिसरीतल्या ज्या मुलाला जोडाक्षरे वाचता येत नाहीत त्याच्याजवळ रोज तासभर बसणारे माणूस ते देऊ शकत नाही.

कारखान्याच्या आवारात या मुलांसाठी भरणाऱ्या साखरशाळांनी ही उणीव काही काळ भरून काढली, आणि सोमेश्वरनगर परिसरातील 'कोपीवरची शाळा' या उपक्रमाने तर शिकवणाऱ्यालाच कोप्यांपर्यंत नेले. असे प्रयत्न मोलाचे असले तरी त्यांना नियमित शाळेचा पर्याय मानणे योग्य नाही, कारण स्थानिक मुलांबरोबर एका बाकावर बसणे आणि एका पंगतीत खिचडी खाणे हादेखील समतेचाच भाग आहे. त्यासाठी नियमित शाळांनाच जादा बळ द्यावे लागेल; अमेरिकेत स्थलांतरित शेतमजुरांच्या मुलांच्या शिक्षणासाठी १९६६ पासून स्वतंत्र संघीय निधी आहे. कारखाना परिसरातील शाळांची दुसरी पटमोजणी डिसेंबरात करून टोळ्या परतेपर्यंत हंगामी शिक्षक देणे, आणि धाकट्या भावंडांसाठी कोप्यांजवळ पाळणाघर चालवणे, ही तरतूद आपल्याकडेही करता येण्याजोगी आहे. पाळणाघराशिवाय ती मोठी मुलगी वर्गात येणार नाही.