गावाची योजना आणि शासनाचे अनुदान

केरळ राज्यात दरवर्षी सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो. त्या चिंचोळ्या भूमीतून 44 नद्या वाहतात आणि त्यांपैकी 41 पश्चिमेस समुद्राला मिळतात. इतकी जलसंपत्ती असूनही चैत्र-वैशाखात तेथील अनेक गावांतील विहिरी तळ गाठतात. या विसंगतीचे कारण भूमीच्या रचनेत सापडते. सह्याद्रीचा माथा आणि समुद्र यांमधील अंतर थोडे, उतार मात्र तीव्र. त्यामुळे पावसाचे पाणी अल्पावधीत वाहून जाते. मधल्या टेकड्या बहुतांशी जांभ्याच्या आहेत. कोकणच्या रहिवाशांना परिचित असलेला हा सच्छिद्र दगड पाणी झटकन शोषून घेतो आणि तितक्याच त्वरेने ते खाली सोडून देतो. हे निसटणारे पाणी पूर्वी टेकड्यांमधील खोलगट भातखाचरे अडवून धरीत आणि सावकाश भूगर्भात मुरवीत. 1974-75 मध्ये राज्यात भाताखाली सुमारे 8.8 लाख हेक्टर जमीन होती. 2010-11 मध्ये ती सुमारे 2.1 लाख हेक्टर उरली. खाचरे बुजवून त्या जागी घरे उभी राहिली, अथवा नारळी-पोफळीच्या बागा आल्या. विहिरींनी तळ गाठावा यात मग नवल ते काय?

अशा समस्येवर एकच उपाय सर्वत्र लागू पडत नाही. एका गावात झऱ्याचे संरक्षण केले म्हणजे भागते. दुसऱ्या गावी टेकडीवर समतल चर खणावे लागतात. तिसऱ्या गावी उरलेली भातखाचरे राखणे हेच महत्त्वाचे काम असते. कोणत्या गावी काय करावे हे तेथील भूमी पाहिल्यावाचून सांगता येत नाही. शासनाने ग्रामविकासासाठी द्यावयाच्या अनुदानाचा प्रश्न नेमका येथेच उपस्थित होतो.

बंधित आणि अबंधित अनुदान

शासनाकडून गावास मिळणारे अनुदान स्थूलमानाने दोन प्रकारचे असते. ठरावीक कामासाठीच जे खर्च करता येते ते बंधित अनुदान होय. गावाने स्वतः ठरविलेल्या कामासाठी जे वापरता येते त्यास अबंधित अनुदान म्हणतात. प्रदीर्घ काळ बहुतेक अनुदाने पहिल्या प्रकारची होती. राजधानीतील कचेरीत योजना आखली जाई आणि तिचे तुकडे जिल्ह्याजिल्ह्यांत वाटले जात. ज्या गावाला झरा राखावयाचा आहे त्याच्या हाती विहीर खणण्याचा पैसा पडे. विहीर खणली नाही तर पैसा परत जाई. म्हणून मार्चअखेर घाईघाईने विहीर खणली जाई आणि पुढच्या उन्हाळ्यात ती कोरडी पडे.

यावर अनुदान पूर्णपणे अबंधित करावे, असा सोपा उपाय कोणी सुचवील. परंतु त्यातही धोका आहेच. योजनेवाचून आलेला पैसा प्रभागाप्रभागांत समान वाटला जातो आणि बहुधा रस्त्यांच्या लहान लहान तुकड्यांत विरून जातो. अनुदान आणि योजना यांची सांगड कशी घालावी, हा यातील मूळ प्रश्न आहे.

घटनेने दाखविलेली दिशा

भारतीय संविधानाची 73 वी व 74 वी दुरुस्ती 1993 मध्ये अमलात आली. त्यांपैकी पहिलीने ग्रामपंचायतींना आणि दुसरीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविता येतील असे 29 विषय नमूद झाले. लघुपाटबंधारे, पाणलोट विकास, सामाजिक वनीकरण व पिण्याचे पाणी हे त्यांतील काही होत. अनुच्छेद 243-छ ने आर्थिक विकास व सामाजिक न्याय यांसाठी योजना तयार करण्याचे अधिकार पंचायतींना देण्याची वाट मोकळी केली. मात्र अधिकार किती द्यावयाचे आणि त्यांबरोबर पैसा किती द्यावयाचा, हे ठरविणे मुख्यतः राज्यांवर सोपविण्यात आले. त्यामुळे राज्याराज्यांतील अनुभव भिन्न झाले.

केरळचा निर्णय

केरळ शासनाने 1996 साली असे ठरविले की नवव्या पंचवार्षिक योजनेत राज्याच्या योजना-खर्चापैकी 35 ते 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांच्या योजनांसाठी द्यावयाची. 17 ऑगस्ट 1996 रोजी, मल्याळी वर्षाच्या आरंभदिनी, ‘लोकयोजना मोहीम’ सुरू झाली. 1997-98 या वर्षी सुमारे 1,025 कोटी रुपये या रीतीने खाली सोपविण्यात आले. प्रत्येक पंचायतीस किती रक्कम मिळणार याची यादी राज्याच्या अर्थसंकल्पास परिशिष्ट म्हणून जोडण्यात आली. ही गोष्ट वरवर किरकोळ वाटेल. तथापि तिचे महत्त्व मोठे आहे. हाती किती पैसा येणार हे आधी ठाऊक असल्याखेरीज कोणासही खरी योजना आखता येत नाही. रक्कम ठाऊक नसेल तर जी तयार होते ती केवळ मागण्यांची यादी होय.

अनुदान बहुतांशी अबंधित असले तरी त्याला काही मर्यादा घालून दिल्या होत्या. ग्रामीण संस्थांनी मोठा वाटा शेती, पशुपालन, लघुउद्योग अशा उत्पादक कामांवर खर्चावा, रस्त्यांवरील खर्चास कमाल मर्यादा असावी आणि दहा टक्के रक्कम स्त्रियांसाठीच्या कामांकरिता राखून ठेवावी, असे हे नियम होते. मर्यादा दिशेपुरती होती; काम कोणते करावयाचे, ते गावाने ठरवावयाचे होते.

नकाशापासून योजनेपर्यंत

योजनेचा आरंभ गावाच्या ज्ञानापासून व्हावा लागतो. केरळात या कामाची पूर्वतयारी झालेली होती. 1962 साली स्थापन झालेली केरळ शास्त्र साहित्य परिषद ही लोकांत विज्ञानाचा प्रसार करणारी संस्था. तिने आणि तिरुवनंतपुरम येथील भूविज्ञान अध्ययन केंद्राने मोहिमेच्या आधीच पंचायतवार साधनसंपत्तीचे नकाशे करण्याचा प्रयोग हाती घेतला होता. कण्णूर जिल्ह्यातील कल्याश्शेरी पंचायत ही या प्रयोगासाठी विशेष प्रसिद्ध आहे.

या पद्धतीत गावचा भूमापन नकाशा हाती घेऊन स्वयंसेवक शेत न् शेत पायी फिरतात. कोठे कोणते पीक आहे, कोणती जमीन पडीक आहे, विहिरीस पाणी किती महिने टिकते, ओढा कोणत्या महिन्यात आटतो, हे सर्व ते नकाशावर नोंदवितात. त्याच नकाशाच्या दुसऱ्या प्रतीवर भूशास्त्रज्ञ खडक, माती आणि उतार दाखवितात. दोन्ही नकाशे एकत्र ठेवले असता, ज्या गोष्टी एरवी विखुरलेल्या दिसतात त्यांचा परस्परसंबंध उघड होतो. खालच्या वाडीतील विहीर का आटते, याचे उत्तर वरच्या टेकडीच्या उघड्या उतारात सापडते.

मोहिमेत पुढचे टप्पे असे होते. प्रथम ग्रामसभांत लोकांनी आपल्या गरजा मांडल्या. पहिल्या फेरीत राज्यभर वीस लाखांहून अधिक लोक या सभांना उपस्थित राहिले. नंतर प्रत्येक पंचायतीने उपलब्ध माहिती, जुने दप्तर व ग्रामसभेतील चर्चा यांवरून आपला विकास-अहवाल छापला. त्या अहवालावर विकास-परिषदेत विचार झाला. मग विषयवार कार्यगटांनी प्रत्येक कामाचा उद्देश, खर्च, लाभ आणि देखभाल यांचा तपशील तयार केला. अखेरीस निवडून आलेल्या पंचायतीने त्यांतून वर्षाची योजना निश्चित केली.

तज्ज्ञाचे स्थान

पहिल्या वर्षीच या पद्धतीची कसोटी लागली. कार्यगटांनी तयार केलेल्या अनेक प्रकल्पांत तांत्रिक दोष आढळले. कोठे खर्चाचा अंदाज चुकला होता, तर कोठे देखभालीचा विचारच झाला नव्हता. हे सर्व प्रकल्प शासकीय खात्यांकडे परत पाठविणे, हा नेहमीचा मार्ग होता. परंतु तसे केले असते तर निर्णयही पुन्हा कचेरीत गेला असता. म्हणून निवृत्त अभियंते, वैद्य, कृषिशास्त्रज्ञ, प्राध्यापक अशा जाणकारांना आवाहन करण्यात आले आणि चार हजारांहून अधिक स्वयंसेवी तज्ज्ञांचे दल उभे राहिले. या तज्ज्ञांनी प्रकल्प तपासावेत, दोष दाखवावेत, दुरुस्ती सुचवावी. मात्र पंचायतीने ठरविलेला अग्रक्रम बदलू नये, असा दंडक होता. बांध कोठे टिकेल हे अभियंता सांगतो. बांध हवा की शाळेची इमारत हवी, हे गाव ठरविते. या दोन प्रश्नांची गल्लत झाली म्हणजे एक तर विज्ञान दुर्लक्षिले जाते, नाही तर लोक.

गावाची सीमा आणि ओढ्याची सीमा

पाणी महसुली सीमा मानीत नाही. वरच्या गावाने उतारावरील झाडी तोडली तर खालच्या गावचा तलाव गाळाने भरतो. म्हणून गावाची योजना केवळ गावापुरती राहून चालत नाही. पाणलोट क्षेत्राचे काम माथ्यापासून पायथ्याकडे करावे लागते आणि त्यात अनेक गावे येतात. याकरिता केरळात ग्रामीण अनुदानाचा मोठा वाटा ग्रामपंचायतीस आणि उरलेला गट व जिल्हा पंचायतींस देण्याची प्रथा ठेवण्यात आली. एका गावाच्या आवाक्याबाहेरची कामे वरच्या स्तरांनी करावीत, असा यामागील हेतू आहे. जिल्ह्यातील गावे व शहरे यांच्या योजनांचा मेळ घालण्यासाठी घटनेच्या अनुच्छेद 243-यघ अन्वये जिल्हा नियोजन समितीची तरतूद आहे.

वृक्ष तारण ठेवणारे गाव

अनुदान कसे कल्पकतेने वापरता येते याचे एक अलीकडील उदाहरण वायनाड जिल्ह्यातील मीनंगाडी पंचायतीचे होय. गावातून हवेत जाणारा कार्बन आणि झाडे व माती यांनी शोषिलेला कार्बन यांचा मेळ बसावा, असा संकल्प या पंचायतीने 2016 साली केला. प्रथम दोन्ही बाजूंचा हिशेब मांडण्यात आला. शोषण कमी पडते असे दिसताच झाडे वाढविणे क्रमप्राप्त झाले. परंतु गरजेच्या वेळी शेतकरी झाड विकतो, ही वस्तुस्थिती होती. त्यावर झाड तारण ठेवून प्रत्येक झाडामागे दरसाल 50 रुपये बिनव्याजी कर्ज दहा वर्षे देण्याची योजना निघाली; झाड न तोडल्यास कर्ज फेडावे लागत नाही. यासाठी राज्य शासनाने दिलेला निधी सहकारी बँकेत ठेवण्यात आला. राजधानीत बसून अशी योजना सुचणे कठीण. आणि शासनाच्या निधीवाचून ती गावाला पेलणेही कठीण.

उणिवा आणि शिकवण

केरळच्या प्रयोगात उणिवा नव्हत्या असे नाही. पहिला उत्साह ओसरल्यावर ग्रामसभांची उपस्थिती घटली. मध्यमवर्गीय लोक सभांपासून दूर राहिले. भातखाचरे बुजविण्याचे प्रकार लोकयोजनेनंतरही थांबले नाहीत. अखेर 2008 साली भातजमिनी व पाणथळ जागा यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. जमिनीच्या किमती वाढत असता केवळ अनुदानाच्या बळावर जमिनीचा वापर बदलता येत नाही, हा त्यातून मिळालेला धडा आहे.

देशाच्या पातळीवरही पुढे याच दिशेने पावले पडली. चौदाव्या वित्त आयोगाने 2015 ते 2020 या काळासाठी ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक अनुदान सुचविले आणि त्याबरोबर प्रत्येक ग्रामपंचायतीने विकास आराखडा तयार करण्याची पद्धत देशभर सुरू झाली. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण संस्थांना 2,36,805 कोटी रुपये सुचविले. त्यांतील 60 टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होते आणि 40 टक्के अबंधित.

अनुदानाचा आकडा वाढला म्हणजे गाव सुधारतेच असे नाही. रक्कम आधी जाहीर झाली पाहिजे, गावाला आपल्या भूमीचे ज्ञान असले पाहिजे आणि त्या ज्ञानाची पारख करणारे जाणकार हाताशी असले पाहिजेत. यांपैकी पहिली गोष्ट शासनाच्या हाती आहे. उरलेल्या दोहोंचा आरंभ गावच्या शाळेतूनही होऊ शकतो. एखाद्या वर्गाने उन्हाळ्यात दर आठवड्यास गावातील विहिरींच्या पाण्याची पातळी मोजली, ती नकाशावर नोंदविली आणि तो नकाशा ग्रंथालयात सर्वांना पाहण्यास ठेवला, तर पुढील ग्रामसभेत पाण्याविषयी बोलणाऱ्याच्या हाती पुरावा असेल.