मालवणची बुडी आणि मनगटावरचा हिशेब

भोकरपासून मालवण सहाशे किलोमीटरांहून लांब आहे. नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा रस्ता आणि मग घाट उतरून कोकण. तरीही दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्ट्यांत मराठवाड्यातल्या गाड्या मालवणजवळच्या तारकर्लीच्या किनाऱ्यावर रांगेने उभ्या दिसतात. सिंधुदुर्ग किल्ला, माशाचं ताट आणि ‘स्कुबा’ असा सहलीचा बेत आता ठरून गेला आहे. पाण्यात नेणाऱ्या इन्स्ट्रक्टरच्या मनगटावर जाडजूड घड्याळासारखं एक यंत्र असतं. ते पाहिलं की गाडीतल्या तरुण मंडळींना प्रश्न पडतो: हे आपल्यालाही लागतं का? मग कुणीतरी स्वतःचं स्मार्टवॉच पुढे करतं, त्याच्या खोक्यावर ‘50 मीटरपर्यंत वॉटरप्रूफ’ असं छापलेलं असतं.

या यंत्राला डाइव्ह कॉम्प्युटर म्हणतात. पाण्याचा दाब मोजून तो खोली ठरवतो, वेळ मोजतो आणि या दोन्हींवरून शरीरात किती नायट्रोजन विरघळला असेल याचं गणित दर काही सेकंदांनी मांडत राहतो. या खोलीवर आणखी किती मिनिटं राहता येईल आणि वर येताना वेग जास्त होतो आहे का, हे पडद्यावर दिसतं. घड्याळावरचा ‘50 मीटर’ हा आकडा फक्त घड्याळाच्या कवचाबद्दल आहे. ते घालणाऱ्याच्या रक्तात काय चाललं आहे, याचा त्याला पत्ता नसतो.

आयुष्यात एकदा मालवणला बुडी मारणाऱ्या माणसाला डाइव्ह कॉम्प्युटरची गरज नाही, हे आधीच स्पष्ट सांगायला हवं. पर्यटकांची ही बुडी बहुधा पाच ते आठ मीटर खोलीची आणि पंधरा-वीस मिनिटांची असते. इन्स्ट्रक्टर शेवटपर्यंत सोबत असतो. प्रशिक्षण न घेतलेल्या पर्यटकाला 12 मीटरच्या खाली न्यायचं नाही, असा ‘पॅडी’ या आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्थेचा नियम आहे. त्याच संस्थेच्या जुन्या छापील तक्त्यानुसार 10 मीटर खोलीवर 219 मिनिटं राहिलं तरी थेट वर येता येतं. नेहमीच्या सिलिंडरमध्ये साधारण 2200 लिटर हवा मावते. शांतपणे श्वास घेणाऱ्याला मिनिटाला वीसेक लिटर लागते असं धरलं, तर आठ मीटरवरच्या दाबामुळे तीच गरज 36 लिटरवर जाते. म्हणजे तासाभरात सिलिंडरच रिकामा होतो. नायट्रोजनची मर्यादा गाठण्याच्या कितीतरी आधी हवा संपते.

अशा बुडीत धोका दुसऱ्याच ठिकाणी असतो, आणि भोकरच्या वाचकाने तो विशेष लक्षात घ्यायला हवा. मराठवाड्यात पोहणं शिकतात ते विहिरीत. छातीत हवा भरून घ्यायची, दम कोंडायचा, तळाची माती मुठीत आणून दाखवायची. तिथे दम कोंडल्याने फुप्फुसांना इजा होत नाही, कारण काठावर भरलेली हवा खाली दाबाने आकसते आणि वर येताना मूळ आकारावर परतते. स्कुबामध्ये मात्र माणूस खालीच, दाबाखालची हवा छातीत भरतो. दहा मीटरवर भरलेली हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. त्या वेळी दम कोंडलेला असेल तर फुप्फुस फाटू शकतं आणि त्यासाठी दीड-दोन मीटरचा फरकही पुरतो. लहानपणापासून अंगात भिनलेली सवय इथे मोडावी लागते: श्वास अखंड चालू ठेवायचा. जो विहिरीत सर्वांत पटाईत, त्यालाच हे दोनदा सांगावं लागतं.

दुसरा धोका तर पाण्याखालचाही नाही. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोन जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशी कुणाच्याही मनगटावर कितीही महागडं यंत्र असतं, तरी त्याने काही फरक पडला नसता. हौशी पर्यटकाने पैसे देण्यापूर्वी विचारायचं ते बोटीत किती माणसं बसवणार, लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळणार का आणि एका इन्स्ट्रक्टरकडे किती जण असणार, हे.

काहींचं एका बुडीवर भागत नाही. तारकर्लीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कुबा डायव्हिंग प्रशिक्षण संस्था आहे. तिथे किंवा गोव्यात, अंदमानात चार-पाच दिवसांचा ‘ओपन वॉटर’ अभ्यासक्रम करून कार्ड मिळतं आणि 18 मीटरपर्यंत जाण्याची मुभा मिळते. इथून पुढे उत्तर बदलतं.

याचं कारण कळायला शंभरहून अधिक वर्षं मागे जावं लागेल. पुलांच्या पायांसाठी दाबाखालच्या कोठ्यांत काम करणारे मजूर बाहेर आल्यावर सांधेदुखीने वाकडे होत, काहींना लकवा होई, काही मरत. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी नौदलासाठी याचा शोध घेतला आणि त्यासाठी शेळ्या निवडल्या. दाबाच्या कोठीतून झटकन बाहेर काढलेली शेळी पुढचा पाय उचलून धरायची. तिच्या सांध्यात नायट्रोजनचे बुडबुडे झालेले असत. दाब जास्त असेल तेवढा नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत जास्त विरघळतो, आणि दाब एकदम उतरला की त्याचे बुडबुडे होतात. हॉल्डेन यांचं काम 1908 साली प्रसिद्ध झालं. एकूण दाब निम्म्यावर येईपर्यंत वर येणं बहुधा निर्धोक असतं, हे त्यांच्या प्रयोगांतून निघालेलं महत्त्वाचं सूत्र. दहा मीटरवर दाब बरोबर पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. मालवणच्या उथळ बुडीत हिशेबाची चिंता का नसते, याचं उत्तर त्या शेळ्यांनी दिलेलं आहे.

हॉल्डेन यांनी शरीराचे पाच काल्पनिक भाग धरले होते, काही लवकर भरणारे, काही सावकाश. त्यावरून तक्ते निघाले. पुढे झुरिकचे डॉक्टर आल्बर्ट ब्यूलमान यांनी हे भाग 16 पर्यंत नेले, आणि आजच्या अनेक डाइव्ह कॉम्प्युटरांत त्यांचंच गणित चालतं. 1983 च्या सुमारास ‘एज’ नावाचं यंत्र अमेरिकेत बाजारात आलं आणि तक्त्याचं काम मनगटाकडे सरकू लागलं.

तक्ता आजही चुकीचा नाही. 18 मीटरला 56 मिनिटं, 25 मीटरला 29, 30 मीटरला 20, हे आकडे तो चोख सांगतो. पण तो धरून चालतो की माणूस सगळा वेळ सर्वांत खोल जागीच होता. प्रत्यक्षात कुणी पाच मिनिटं खाली जातो आणि उरलेला वेळ खडकाच्या माथ्यावर मासे बघत काढतो. कॉम्प्युटर हा चढउतार धरून हिशेब करतो. त्याहून मोठा फरक पडतो तो दुसऱ्या बुडीला. तासाभराच्या विश्रांतीत पहिल्या बुडीचा नायट्रोजन पूर्ण निघून जात नाही. तो जमेस धरून नवी मर्यादा काढायची, तर तक्त्याच्या तीन बाजूंवर बोट फिरवावं लागतं.

हौशी माणसाला यंत्र कशाला, असं म्हणणाऱ्यांचं इथेच चुकतं. रोज पाण्यात असणाऱ्याला हे आकडे तोंडपाठ असतात. वर येण्याचा वेग मिनिटाला नऊ मीटरच्या आत आणि पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. जो दोन वर्षांतून एकदा अंदमानला जातो, तो यातलं निम्मं विसरलेला असतो. किती बुड्या मारतो, यापेक्षा किती खोल आणि दिवसात किती वेळा, यावर गरज ठरते. आणि क्वचित जाणाऱ्याला ती जास्तच असते.

विकत घ्यायलाच हवं असं मात्र नाही. साधं मॉडेलही साधारण वीस हजार रुपयांच्या आसपास जातं, आणि बरीच केंद्रं भाड्याने देतात. भाड्याचं घेतलं तर सगळ्या बुड्यांना तेच वापरावं, कारण आधीच्या बुडीचा हिशेब त्यातच साठलेला असतो. जोडीदाराच्या यंत्रावर विसंबणं तर सर्वांत वाईट. दोघे एकाच पाण्यात असले तरी एक जण चार मीटर खाली असू शकतो, आणि यंत्र फक्त आपल्या धन्यापुरतं मोजतं.

तेही त्याला पूर्ण ओळखत नाही. रात्रभर गाडीत जागलेला, पाणी कमी प्यायलेला, आदल्या रात्री दारू घेतलेला किंवा वजन वाढलेला माणूस त्याला ताज्यातवान्या तरुणासारखाच दिसतो. सहाशे किलोमीटर प्रवास करून आलेल्यांनी पडद्यावरच्या शेवटच्या मिनिटापर्यंत खाली राहू नये. बुडबुड्यांचं दुखणं झालंच तर उपचार दाबाच्या कोठीत करावे लागतात. या वैद्यकातला जाणता विभाग मुंबईत नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात आहे, आणि मालवणहून तिथवरचा रस्ता पाचशे किलोमीटरांच्या घरातला.

कोकणातल्या बुड्याही आता खोल होत चालल्या आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रिया बँक या प्रवाळी पठाराचा माथाच सुमारे 20 मीटर पाण्याखाली आहे. नौदलातून जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका निवती खडकांजवळ समुद्रतळी ठेवून पर्यटकांना दाखवायची योजना आहे, तीही साधारण 22 मीटर खोलीवर. तक्त्यात 22 मीटरला 37 मिनिटं आहेत. तिथे जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर स्वतःचं यंत्र असलंच पाहिजे.

परतीची वाटही हिशेबात धरावी लागते. एका बुडीनंतर किमान 12 तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान 18 तास विमानात बसू नये, अशी ‘डायव्हर्स अलर्ट नेटवर्क’ या संस्थेची शिफारस आहे. ती सुमारे 610 मीटरच्या वरच्या उंचीसाठी आहे, आणि परतीच्या घाटातली आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. उथळ पाण्यात वीस मिनिटं घालवलेल्या कुटुंबाला याची काळजी करण्याचं कारण नाही. पण सकाळी दोन-तीन खोल बुड्या मारून दुपारी घाट चढायला निघणाऱ्याचा नायट्रोजन अजून शरीरातच असतो आणि वर हवा विरळ होत जाते. अनेक यंत्रांवर ‘विमान नको’ असा उरलेला वेळ दिसत राहतो. भोकरच्या मंडळींनी बुड्या सहलीच्या पहिल्याच दिवशी उरकाव्यात, सिंधुदुर्ग किल्ला आणि सावंतवाडी दुसऱ्या दिवसासाठी ठेवावी आणि घाटाला गाडी तिसऱ्या दिवशी सकाळी लावावी.