खुर्ची दारातच मागावी

मुलीकडे सिंगापूरला ईस्ट कोस्ट भागात राहावयास गेलो की आम्ही उभयता समुद्रकाठी फिरून येत असू. या खेपेस तेथील राष्ट्रीय संग्रहालय पाहण्याचे ठरविले. लहानपणी गुरुजींबरोबर राणीच्या बागेजवळचे म्युझियम पाहिले, तेव्हा आम्ही धावत होतो. आता गुडघे कुरकुरतात. आमच्या वयाच्या वाचकांस उपयोग व्हावा म्हणून अनुभव लिहीत आहोत.

मरीन परेडचे मेट्रो स्टेशन २०२४ साली सुरू झाले. तेथून मरीना बेला यावे आणि पुढे सर्कल लाइनने ब्रास बासाला उतरावे. स्टेशनांत लिफ्ट आहेत, जिने चढावे लागत नाहीत. संग्रहालय तेथून जवळच आहे. इमारत १८८७ सालची. तेथील नागरिकांना प्रवेश विनामूल्य असतो, आपल्याला तिकीट पडते. वयाचा दाखला जवळ ठेवून सवलत विचारावी. काही दालने कामासाठी बंद असू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. आत गारवा फार, शाल बरोबर घ्यावी.

प्रवेशाशी व्हीलचेअर मिळते. आम्ही नको म्हटले. लोक काय म्हणतील! तासाभरात पाय भरून आले, भिंतीवरचा मजकूर वाचवेना. मग मुकाट्याने खुर्ची मागितली, पाळीपाळीने बसलो आणि खरे पाहणे तेव्हा सुरू झाले. नदीच्या मुखाशी एक मोठी कोरीव शिळा होती. इंग्रजांनी ती १८४३ साली सुरुंगाने फोडली. तिचा उरलेला तुकडा येथे आहे. त्यावरची लिपी आजवर कोणालाही वाचता आलेली नाही. फोर्ट कॅनिंग टेकडीवर १९२८ साली खोदकामात सापडलेले सोन्याचे दागिनेही निवांत पाहिले.

सगळे एका दिवसात पाहू नये. दोन दालने पुरेत. मग जवळच्या वॉटर्लू स्ट्रीटवर १८७८ सालचे मगेन अवोथ सिनेगॉग आहे, तेथे जावे. ओळखपत्र लागते. सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री डेव्हिड मार्शल बगदादी ज्यू घराण्यातले. ते १९५५ साली त्या पदावर आले, हे नातवंडांना तेथेच सांगता येते.

आमचा पहिला तास संकोचात वाया गेला. तुमचा जाऊ नये. दमण्याची वाट न पाहता खुर्ची दारातच मागावी.