‘ओ’ दिसणारा, पण ‘ओ’ नसणारा

एखाद्या लॅबमध्ये बोटातून थेंबभर रक्त घेतलं, ते ‘अँटी-ए’ आणि ‘अँटी-बी’ सीरममध्ये मिसळलं आणि गाठी झाल्या नाहीत, की कार्डावर ‘ओ’ लिहिलं जातं. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं.

पण 1952 मध्ये मुंबईतले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये असं रक्त नोंदवलं, जे ‘ओ’सारखं दिसे, मात्र ‘ओ’ रक्ताशीही जुळत नसे. हाच बॉम्बे ब्लड ग्रुप. ‘ए’ आणि ‘बी’ ही प्रतिजनं ‘एच’ नावाच्या पायावर उभी राहतात. ‘ओ’ माणसात नुसता पाया असतो. इथे तोही नाही. त्यामुळे शरीर ‘एच’लाच परकं मानतं. अशा रुग्णाला ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेतू शकतं.

भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात दहा लाखांत एक, असं याचं प्रमाण सांगतात. म्हणजे आपल्याकडे हे फार दुर्मीळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही.

ओळख पटते ती उलट तपासणीत: रुग्णाचा सीरम ‘ओ’ पेशींवर टाकायचा. गाठी झाल्या, की संशय घ्यायचा. मग ‘अँटी-एच’ लावून बघायचं. पेशी ढिम्म राहिल्या तर शंका पक्की होते. घाईत नेमकी ही उलट तपासणीच गाळली जाते. खात्रीसाठी नमुना परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेकडे पाठवता येतो. आणि रक्तदात्याचा शोध आधी रुग्णाच्या सख्ख्या भावंडांत घ्यावा.