अधूनमधून रुसणारी डिझेल मोटार

पहाटे साडेचारची वेळ. लिलाव सुरू होण्यापूर्वी घाऊक बाजारात पोहोचणे आवश्यक असते आणि नेमकी त्याच वेळी दारातील जुनी डिझेल मोटार सुरू होण्यास नकार देते. दुपारी मिस्त्री येतो तेव्हा मात्र ती पहिल्याच सेल्फला चालू होते! मग अंदाजाने आज बॅटरी, उद्या सेल्फ, परवा पंप बदलला जातो. बिले वाढत जातात, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

रोजमेळ जुळला नाही, तर जाणता मुनीम सर्व वह्या नव्याने लिहीत नाही; फरक कोणत्या पानावर पडला ते शोधतो. येथेही तोच मार्ग हितावह ठरतो. मोटारीत एक लहान वही ठेवावी. बिघाडाची वेळ, इंजिन थंड होते की तापलेले, गाडी किती तास व चढावर की सपाटीवर उभी होती, धूर आला की नाही, एवढे त्यात टिपावे.

पहिला प्रश्न : सेल्फ जोमाने फिरतो काय? तो जड फिरत असेल किंवा नुसता ‘टक’ आवाज येत असेल, तर दोष विजेच्या बाजूस शोधावा. पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट दाखविते; सेल्फ मारताना ती साधारण 9.6 च्या खाली घसरू नये. नवी बॅटरी घेण्यापूर्वी टर्मिनलवरील भुकटी पुसावी व इंजिनाची अर्थिंगची वायर घट्ट करावी. पुष्कळदा दोष तेथेच सापडतो.

सेल्फ फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही, हा दुसरा प्रकार. रुडॉल्फ डिझेल यांनी 1897 मध्ये यशस्वी करून दाखविलेल्या या इंजिनात ठिणगी नसते; दाबाने तापलेल्या हवेतच इंधन पेटते. म्हणून उष्णता आणि इंधन या दोहोंची तपासणी करावी. केवळ थंड पहाटे त्रास होऊन पांढरा धूर येत असेल, तर ग्लो प्लग व त्यांचा रिले पाहावा. धूर मुळीच नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. रात्रभर उभ्या गाडीत हा दोष दिसल्यास फिल्टरचे सील अथवा रबरी नळ्यांतून लायनीत हवा शिरत असण्याचा संभव असतो. जुन्या पंपाच्या गाडीत चावी फिरविताच इंधन सोडणाऱ्या सोलेनॉइडचा ‘टक’ आवाज यावयास हवा. कॉमन रेल गाडी तापल्यावरच अडत असेल, तर क्रँक सेन्सरवर संशय घ्यावा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा उडवू नये. कॉमन रेलची नळी घरी कदापि सैल करू नये. तिच्यातील प्रचंड दाबाचे इंधन त्वचेत घुसू शकते.

महिनाभराची नोंद मिस्त्रीच्या हाती पडली, की दुपारी निमूट चालू होणाऱ्या गाडीचाही दोष त्याला शोधता येतो आणि चांगला पंप विनाकारण उतरविला जात नाही.