कौलावरची केशरी अंडी

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर उभं राहिलं की आपल्या जिल्ह्याची जमीन पायाशी संपते. खाली कोकण, आणि समुद्र त्याच्याही पलीकडे. अहिल्यानगर जिल्ह्याला किनारा नाही. आपल्याकडे पाण्याच्या गप्पा निघतात त्या मुळा-प्रवरेच्या, भंडारदऱ्याच्या आणि उन्हाळ्यातल्या टँकरच्या. तरीही नगरमधल्या एखाद्या घराच्या बैठकीत, काचेच्या टाकीत, अंदमानच्या प्रवाळांत सापडणाऱ्या जातीच्या माशांचं जोडपं संसार थाटू शकतं आणि अंडीही घालू शकतं. दुकानात पोरं त्याला ‘निमो’ म्हणतात. केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा क्लाउनफिश.

सुरुवात मिठापासून होते. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणजे 100 लिटरच्या टाकीला साडेतीन किलो. डब्यातलं जेवणाचं मीठ इथे कामाचं नाही. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम हे सगळं समुद्रात असतं त्या प्रमाणात मिसळलेलं तयार मीठ मिळतं, तेच वापरावं लागतं, आणि तेही बोअरच्या जड पाण्यात न टाकता आरओच्या पाण्यात. आपल्या कोरड्या हवेत टाकीतलं पाणी भराभर उडतं, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून रोजची भर घालायची ती गोड्या पाण्याची. नवखा माणूस खारं पाणी ओतत राहतो आणि त्याचा समुद्र दिवसेंदिवस अधिक खारट होत जातो. माशांनी सोडलेला अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वस्तीला यायला चार-सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नाहीत, हे सगळ्यांत अवघड पथ्य. पाणी 26 ते 28 अंशांवर हवं. नगरचा मे चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकीवर पंखा लागतो. आणि वीज गेली तर हवा चालू ठेवायला बॅटरीवरचा पंप.

आता जोडपं. दुकानात नर-मादी म्हणून काही मागता येत नाही. दोन लहान क्लाउनफिश घरी आणले तर ते अजून नरही नसतात आणि मादीही नसतात. दोन्ही शक्यता त्यांच्या पोटात असतात. काही आठवडे पाठलाग, ढकलाढकली चालते. मग एक जण हार मानतो. तो आडवा होऊन अंग थरथरवतो, जणू ‘तू मोठी’ म्हणतो. जिंकलेला मासा वाढतो आणि मादी होतो, हरलेला लहान राहतो आणि नर होतो. समुद्रात एका समुद्रफुलाभोवती, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या सागरी प्राण्याभोवती, असं अख्खं कुटुंब राहतं: सर्वांत मोठी मादी, तिच्याखाली नर, त्याखाली उमेदवारी करणारे लहान मासे. संशोधक पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीत अशा कुटुंबांचा अभ्यास करून 2003 मध्ये दाखवलं की खालचा मासा आपली वाढ आपणच आवरतो. वरच्याच्या अंगावर यावं इतका तो मोठाच होत नाही, कारण तसं झालं तर त्याला हाकलून देतात. मादी मेली की नर मादी होतो आणि उमेदवारांतला पहिला नर होतो. इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांना 2019 मध्ये दिसलं की हा बदल आधी मेंदूत होतो; अंडाशय तयार व्हायला त्यानंतर कितीतरी महिने जातात. म्हणजे मासा आधी मनाने मादी होतो. जोडी जमवण्यासाठी एक लहान आणि एक जरा मोठा मासा एकत्र सोडावा, असं जाणकार सांगतात ते यासाठीच. दोन मोठ्या माद्या एकत्र पडल्या तर एकीचा जीव जातो, कारण मादीला माघारी फिरता येत नाही.

इतक्या घरगुती माशाला समुद्रातून, प्रवाळातून उचलून आणायची गरज राहू नये, म्हणून बरेच लोक झटलेत. मंडपम आणि विळिंजमच्या सागरी मत्स्य संशोधन केंद्रांनी वर्षानुवर्षं हे मासे टाक्यांत वाढवले. आपल्याला जवळचं उदाहरण ऐरोलीचं. नगरहून कल्याणच्या रस्त्याने माळशेज उतरून गेलं की ठाणे खाडीच्या काठी किनारी व सागरी जैवविविधता केंद्र लागतं. तिथे कांदळवन प्रतिष्ठानाने लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या मदतीने अशा शोभेच्या सागरी माशांची हॅचरी उभी केली. गंगेच्या खोऱ्यातल्या लखनौने खाऱ्या पाण्यातल्या माशांची विद्या ठाणे खाडीवर आणावी, हेही मला विलक्षण वाटतं.

जोडी जमली, पोटभर आणि दिवसातून दोन-तीनदा खायला मिळालं की एक दिवस दोघं एखादी सपाट जागा तोंडाने घासू लागतात. टाकीत समुद्रफूल असलंच पाहिजे असं नाही. मातीचं मडकं किंवा कौलाचा स्वच्छ तुकडा पुरतो. मादीचं पोट फुगलेलं असतं. ती कौलाला पोट टेकवून ओळीओळीने अंडी चिकटवत जाते, मागून नर त्यावर वीर्य सोडत जातो. शेकड्याने अंडी, प्रत्येक दोन-अडीच मिलिमीटर लांब, औषधाच्या कॅप्सूलसारखी, झेंडूसारखी केशरी. पहिल्या एक-दोन खेपांची अंडी आईबापच खाऊन टाकतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. त्यांचंही हे पहिलंच असतं.

यापुढचं काम बापाचं. तो दिवसभर अंड्यांवर पंखांनी वारा घालतो, मेलेली अंडी तोंडाने वेचून काढतो, कोणी हात पाण्यात घातला तर चावायला येतो. दिवस भरत आले की त्याचं वारा घालणं वाढतच जातं. केशरी रंग उतरतो, प्रत्येक अंड्यात दोन ठिपके दिसतात, मग त्या ठिपक्यांना रुपेरी चमक येते. कौलावरून शेकडो डोळे बाहेर पाहत असतात.

साधारण आठव्या रात्री अंडी फुटतात, आणि त्यासाठी पूर्ण अंधार लागतो. संशोधक एमिली फोबर्ट यांनी 2019 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला: रात्रभर एलईडी दिवा लावून ठेवलेल्या टाक्यांत एकही अंडं फुटलं नाही. अंडी जिवंत होती. दिवा बंद केल्यावर ती फुटली. त्या रात्री बैठकीतला झिरोचा बल्बही बंद करायचा, खिडकीबाहेर आकाशकंदील असेल तर पडदा ओढायचा. दिवे घालवल्यापासून तासा-दोन तासांत बाप जोराने पाणी हलवू लागतो आणि काळोखात कौल मोकळं होतं. मग बॅटरीचा बारीक झोत एका कोपऱ्यात धरला की काचेच्या कणांसारखी पिल्लं उजेडाकडे धावत येतात. भांड्याने अलगद, पाण्यासकट, त्यांना वेगळ्या टाकीत न्यायचं. न नेली तर गाळणीचा पंप त्यांना ओढून घेतो.

इतक्या बारक्या तोंडात मावेल असं जिवंत अन्न म्हणजे रोटिफर, डोळ्यांना जेमतेम धुळीसारखा दिसणारा जीव. रोटिफर खाणार शेवाळ. म्हणून अंडी यायच्या कितीतरी आधीपासून खिडकीतल्या बाटल्यांत हिरवं पाणी वाढवत ठेवावं लागतं. आठवडाभराने आर्टेमिया या कोळंबीसारख्या बारीक जीवाची पिल्लं द्यायची. या दिवसांत बरीच पिल्लं मरतात, अनुभवी माणसाच्या टाकीतसुद्धा. दहाव्या-बाराव्या दिवसाच्या आसपास उरलेली पिल्लं पाण्यात तरंगणं सोडून खाली उतरतात, आणि डोळ्यामागे पहिला पांढरा पट्टा उमटू लागतो, आधी धुक्यासारखा, मग चुन्याने ओढल्यासारखा.

तोवर मोठ्या टाकीत नर पुन्हा कौल घासायला लागलेला असतो.