खोली पाहण्याआधी तलाव पाहा

शाळांना सुट्टी लागली की वसई-विरारकडे सहलीला येणाऱ्यांची गर्दी वाढते. कोणी शिरसाड फाट्यावरून पारोळकडे वॉटर पार्कला वळतो, कोणी अर्नाळा, राजोडी, कळंबच्या किनाऱ्यावर रिसॉर्ट शोधतो. मुले लहान असली की एका दिवसात जाऊन येणे जमत नाही आणि रात्रीचा मुक्काम ठरतो. खोली निवडताना भाडे, एसी, न्याहारी, फोटो हे सारे पाहिले जाते. खोलीच्या दारापासून पोहण्याचा तलाव किती पावलांवर आहे, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

वॉटर पार्कमध्ये जीवरक्षकांच्या शिट्ट्या वाजत असतात, पालकही सावध असतात. मुक्कामाच्या जागी आल्यावर तो सावधपणा ओसरतो. मोठी माणसे दमलेली, सामान पसरलेले, दार उघडे आणि दिवसभर ज्यात खेळलो ते पाणी मुलाला समोरच दिसत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून दगावली. त्यांत जवळपास चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल सहसा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वासच उरत नाही. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड असते. तोल गेला की गुडघाभर पाण्यातूनही त्याला उठता येत नाही.

म्हणून आरक्षण करण्यापूर्वी फोनवर विचारावे : तलावाला चारही बाजूंनी किमान चार फूट उंच कुंपण आहे का? फाटक आपोआप बंद होते का? जीवरक्षक किती वाजेपर्यंत असतो? त्यानंतर तलावाला कुलूप लागते का? तलावाकडे थेट दार उघडणारी तळमजल्यावरची खोली चिमुकल्यांसाठी टाळावी. वरची घेतल्यास गॅलरीच्या गजांमधील फटी तपासाव्यात आणि खुर्च्या आत घ्याव्यात.

पोहोचल्यावर पाणी पाहावे. तळ स्पष्ट दिसत नसेल तर मुलांना उतरवू नये. क्लोरीनचा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, हा गैरसमज आहे; क्लोरीन घाम आणि लघवीशी मिसळले की तो वास येतो. जुलाब होत असलेल्या मुलाला तलावापासून दूरच ठेवावे. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी क्लोरीनच्या पाण्यातही अनेक दिवस तग धरतो आणि इतर मुलांना आजारी पाडतो.

‘सगळे आहेत ना!’ म्हणताना प्रत्यक्षात कोणाचेच लक्ष नसते. मुले पाण्यात असताना पाळीपाळीने एकाच मोठ्या माणसावर जबाबदारी द्यावी. त्याने मोबाइल बाजूला ठेवावा आणि लहान मुलापासून हाताच्या अंतरावर राहावे. हवा भरलेली रिंग किंवा बाह्या ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नये.

मूल बुडालेच तर उलटे धरण्यात किंवा पोट दाबण्यात वेळ घालवू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देऊन सीपीआर सुरू करावा आणि दुसऱ्याने १०८ला फोन करावा. सुट्टीच्या गर्दीत रुग्णवाहिकेला पोहोचायला वेळ लागू शकतो. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर इजा मात्र काही मिनिटांतच होते. मूल शुद्धीवर आले तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. घरातील एकाने तरी सीपीआर शिकून घेतलेला असावा.